एंजिन प्रचलांचे आगणन

एंजिन प्रचलांचे आगणन : मोटारगाडीच्या एंजिनातील ज्या राशी प्रत्यक्ष मोजणे अवघड असते, त्या सहज मोजता येणाऱ्या राशींवरून गणिताने ठरविण्याची पद्धती. एंजिन न उघडता त्याची झीज व बिघाड ओळखण्यासाठी ती उपयुक्त आहे. सिलिंडरातील दाब, भुजादंडावरील परिबल, घर्षणात खर्च होणारी शक्ती व सिलिंडर हवेने कितपत भरतो ही अशा राशींची उदाहरणे होत. सिलिंडरातील दाबमापक ज्वलनाच्या उष्णतेत दीर्घकाळ टिकविणे खर्चाचे असल्याने तो मुख्यतः प्रयोगशाळेतच वापरतात.

तत्त्व : चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. १·२ लि. धारणेचे एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर ते सेकंदास ३० लि. हवा ओढते. आत घेणाऱ्या नळीतील दाब ६० किलोपास्काल व तापमान २७° से. असल्यास आदर्श वायुनियमानुसार या हवेचे द्रव्यमान सु. २०·९ ग्रॅ. येते. हवामापक १६·७ ग्रॅ. दाखवीत असेल, तर घनफळात्मक कार्यक्षमता ०·८० ठरते. त्याच स्थितीत मापन १४·६ ग्रॅ. झाले, तर ती ०·७० होते. अशी घट झडपांची झीज किंवा तुंबलेली निष्कास नळी सुचविते.

प्रत्यक्षात वेग व भार सतत बदलतात. म्हणून एंजिनाचे गणितीय प्रतिमान त्याच्याबरोबरच संगणकात चालविले जाते आणि गणित व मापन यांतील फरकाने आगणन सतत सुधारले जाते. आर. ई. काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेला गाळक याकरिता वापरतात. भुजादंडाच्या वेगातील सूक्ष्म चढउतारांवरून एखाद्या सिलिंडरातील ज्वलन चुकल्याचेही कळते.

मर्यादा : मळलेला हवामापकही कमी हवा दाखवितो. तथापि त्यावरून इंधन कमी सोडले जाते व निष्कास वायूंत ऑक्सिजन वाढतो. एंजिनच खरोखर कमी हवा घेत असेल, तर मिश्रण योग्य राहते. ही दुसरी खूण न पाहिल्यास चांगले एंजिन व्यर्थ उघडले जाते.

प्रतिमानाची विश्वसनीयता चाचणीमंचावरील मापनांवर अवलंबून असते. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मान्य असलेल्या चाचणी संस्थांपैकी एक आहे. सैनिकी वाहनांना मैदानी प्रदेशाप्रमाणे लडाखमध्येही जावे लागते. लेह येथे (उंची सु. ३,५०० मी.) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. दोन-तृतीयांश असतो. प्रतिमानात हा फरक धरला नाही, तर विरळ हवेचा परिणाम एंजिनाचा दोष म्हणून गणला जातो.