एका यंत्रात चार बिऱ्हाडे

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. पण अणुभट्टी सुरू करायची, तर पाण्याच्या पंपांना आधी बाहेरून वीज पुरवावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? विजेच्या कारखान्यालाच उसनी वीज!

संगणकाचीही अडचण नेमकी हीच. चकतीवरची आज्ञावली स्मृतीत आणायची, तर ते काम सांगणारी आज्ञावली आधीच जागी हवी. म्हणून यंत्रातल्या एका कायम स्मृतीत छोटीशी आज्ञावली भरून ठेवतात. वीज येताच ती चालू होते, यंत्राची तपासणी करते आणि चकतीवरून तिच्याहून मोठी आज्ञावली आणते. ही मग कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणते. बुटाचे बंद ओढून स्वतःलाच उचलावे तसे हे, म्हणून या क्रियेला 'बूट' म्हणतात.

आता बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी शेड आठवा. छप्पर एक, गाळे चार, पण प्रत्येकाचा मीटर वेगळा. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने २००१ साली आपल्या युनिक्स सर्व्हरमध्ये असेच आभासी गाळे पाडले. तेथे छोटी आज्ञावली कर्नलऐवजी प्रथम एक 'मॉनिटर' आणी. हा जणू शेडचा व्यवस्थापक. कोणता प्रोसेसर, किती स्मृती, कोणती चकती कोणाची, याचा तक्ता तो वाची आणि मग एकेका गाळ्याचा कर्नल चढवी.

येथे एक मोठी पंचाईत होती. साधा कर्नल स्मृतीच्या आरंभीच बसणार असे धरून बांधलेला असतो. आरंभ तर एकच! कर्नल चार. तेव्हा स्मृतीत कोठेही बसू शकेल असा कर्नल मुद्दाम बांधावा लागला. मला विचाराल, तर सगळ्या योजनेतली खरी हुशारी येथेच आहे.

एका गाळ्यातली कार्यप्रणाली कोसळली, तरी शेजारचे काम चालूच राही. मॉनिटर फक्त तेवढा गाळा पुन्हा बूट करी. मात्र संपूर्ण यंत्रच नव्याने सुरू करायचे, तर चारही गाळे बंद करावे लागत. आणि वीजच गेली, तर सगळेच अंधारात.

सामायिक गोष्टींचा हा धोका तारापूरलाही होता. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या काही यंत्रणा सामायिक होत्या. बंद अणुभट्टी थंड ठेवणारी यंत्रणा त्यांतलीच. २००५-०६ च्या मोठ्या दुरुस्तीत ती प्रत्येकीला स्वतंत्र करून दिली.