पहिल्या कात्यात शत्रू किती?

मुलाला कराटेच्या क्लासला घातलं, की थोड्याच दिवसांत ते हॉलच्या मधोमध एकटंच हातपाय चालवताना दिसतं. बाकावरच्या पालकांत मग कुजबुज सुरू होते. ‘हवेत मारून काय उपयोग?’ ‘अहो, चारी बाजूंनी शत्रू आलेत असं समजायचं असतं.’ हे दुसरं वाक्य तर कित्येक सरही सांगतात. एकट्यानं करायच्या अशा ठरलेल्या हालचालींच्या क्रमाला काता म्हणतात. शोतोकान या कराटे पद्धतीतला सुरुवातीचा काता, हेइआन शोदान, घेऊन ते तपासून पाहू.

यात २१ हालचाली आहेत. नवव्या हालचालीला उजवा पाय पुढे, उजवा हात कपाळाच्या वर आणि पहिली आरोळी, म्हणजे किआइ. दहाव्या हालचालीला तोंड उजवीकडे वळवायचंय. शत्रू उजवीकडून येत असता, तर काटकोनात वळलं की काम झालं. पण काता डावा पाय मागून फिरवून डावीकडून पाऊण गिरकी घ्यायला लावतो, तीही येणाऱ्याला पाठ दाखवत. खऱ्या मारामारीत असं करणारा मार खाईल. दिशेवरून शत्रू मोजायचा हिशोब इथेच फसतो.

आता समोरच्याचा हात आपण धरलाय असं समजून तीच गिरकी घ्या. पाय मागे जातो, कंबर फिरते आणि धरलेला माणूस ओढला जाऊन त्याचा तोल जातो. म्हणून बरेच अभ्यासक या वळणात फेक पाहतात. हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटत नाही, कारण शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांच्या १९३५ च्या ‘कराते-दो क्योहान’ या पुस्तकात फेकीही दाखवलेल्या आहेत. चौथी हालचाल तर आणखी उघड आहे. पुढे असलेला उजवा हात झटक्यात मागे घ्यायचा, वरून गोल फिरवायचा आणि मुठीची कड हातोड्यासारखी खाली आणायची. कुणी मनगट धरलं असेल तर ते सोडवून उलट तडाखा देण्याची ही रीत. अर्थात जोडीदाराशिवाय हे अंगात मुरत नाही. नुसता काता घोकून कुणी लढायला शिकत नाही, ही टीका रास्तच आहे.

‘कराटे मुळात आपलंच, बौद्ध भिक्षू बोधिधर्मानं नेलेलं’ असं आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. कराटेच्या दूरच्या उगमाबद्दल कुणी काहीही म्हणो, हा काता ना प्राचीन आहे, ना मठातलं गुपित. जपानमधल्या ओकिनावा बेटावरचे कराटे-शिक्षक आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी ‘पिनान’ ही पाच कात्यांची मालिका रचली, त्यातला हा एक. १९०८ च्या पत्रात त्यांनी बजावलंय, की सराव शरीर कमावण्यासाठी करायचा की प्रत्यक्ष वापरासाठी, हे आधी ठरवा. आपले क्लास बहुधा हे ठरवतच नाहीत.

‘यूट्यूबवर वेगळं दाखवतात, आमचे सर चुकीचं शिकवतात’ ही तक्रारही उगाचच. फुनाकोशींनी मालिकेतल्या पहिल्या दोन कात्यांची अदलाबदल केली. त्यामुळे शोतोकानचा हेइआन शोदान इतर काही पद्धतींत पिनान निदान, म्हणजे पिनानमधला दुसरा काता, या नावानं शिकवला जातो. गोजू-र्यू या वेगळ्या पद्धतीत तर सुरुवातीला गेकिसाई दाई इची येतो, आणि तो १९४० च्या सुमाराचा.

राहिला जोर. टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्या र्यो कियुनानं कात्याचं सुवर्ण जिंकलं. ते पाहून मुलं वेग आणि आरोळी उचलतात. हेइआन शोदानमध्ये किआइ दोनच, नवव्या आणि सतराव्या हालचालीला. खरी परीक्षा पायांची. पुढच्या पवित्र्यात दोन पावलांत कमरेएवढी रुंदी हवी. दोन्ही एका रेषेत आली, की गिरकी घेताना मूल हमखास डुलतं. काता जिथून सुरू झाला तिथेच संपायला हवा. जमिनीवर खडूची खूण करून बघा. मूल हातभर पुढे थांबलं, तर जातानाची आणि येतानाची पावलं सारखी पडलेली नाहीत. वेग वाढवून ही चूक झाकता येते, सुधारत नाही.

यलो बेल्टची परीक्षा झाली की हा काता मागे पडला, असं समजू नका. पुढच्या परीक्षेची फी भरायला जाल, तेव्हा सरांना एवढंच म्हणा, ‘चौथी हालचाल जोडीदाराला मनगट धरायला लावून करून दाखवता का?’