भार वाहणारे बुटके

बुटका म्हटला की आपल्याला सर्कशीतला विदूषक आठवतो. पण युरोपातल्या जुन्या कथांत आणि आपल्याकडच्या लेण्यांतही बुटक्यांचे एक स्वतंत्र कूळ आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

आइसलंडमध्ये तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन याने उत्तरेकडच्या देवकथा लिहून ठेवल्या. त्यांतले बुटके जमिनीच्या पोटात राहतात आणि धातुकामात तरबेज आहेत. थॉर देवाचा हातोडा त्यांनीच घडविला. आभाळाच्या चार कोपऱ्यांखालीही चार बुटके उभे आहेत. त्यांची नावे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशीच! टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाने ही परंपरा उचलली. १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मध्ये आणि पुढच्या ग्रंथांत त्याने बुटक्यांना सबंध इतिहासच दिला. मोरिया ही त्यांची भूमिगत नगरी. मिथ्रिल धातूच्या हव्यासाने ते खोल खणत गेले, खाली निजलेले संकट जागे झाले आणि सारे देशोधडीला लागले. आपली भाषा ते सहसा परक्याला शिकवीत नाहीत. खरे नाव तर थडग्यावरही कोरीत नाहीत.

आपल्याकडचे बुटके म्हणजे यक्ष आणि शिवाचे गण. यक्षांचा राजा कुबेर, ठेंगणा, ढेरपोट्या आणि धनाचा राखणदार. आखूड देह आणि पुरलेले धन ही जोडी दोन्हीकडे आहे, पण एवढ्यावरून नाते जोडण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्या शिल्पींनी मात्र त्यांना थेट कामालाच जुंपले. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात छताच्या तुळयांखाली गण बसले आहेत. हेमाडपंती देवळांत खांबांच्या माथ्यावर असे भारवाहक दिसतात. त्यांना कीचक म्हणतात. आपण देवाला हात जोडून परततो, मान वर करून त्यांच्याकडे पाहत नाही.

माझे वडील सेलूच्या मोंढ्यात हमाली करतात. पोते पाठीवर घेताना हमालाची मान जशी खांद्यांत शिरते, तशीच कीचकाची असते. घडविणाऱ्याने ती कुठेतरी पाहिली असणार.

आता पितळखोऱ्याकडे वळू. कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या रांगेत ही बौद्ध लेणी आहेत. तेथे दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत: पैठणचा गंधिक कुळातला मितदेव, राजवैद्य मगिल. दात्यांची नावे टिकतातच. पण १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने तेथील ढिगारा उपसला, तेव्हा इसवी सनापूर्वीचा एक बुटका यक्ष हाती लागला. दोन्ही हातांनी डोक्यावर वाडगे धरलेला, गोल पोटाचा, आणि चक्क हसणारा. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ एवढाच, की कण्हदास सोनाराने हा केला.

सोनाराने दगडाला हात घातला, आणि आपले नाव पायाशी किंवा पाठीमागे न लिहिता नेमके ओझे पेलणाऱ्या हातावर लिहिले. टोल्किनचे बुटके ऐकतील तर त्यांना ते मुळीच रुचणार नाही.

तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी अजून दिल्ली पाहिलेली नाही. मात्र हे वाचल्यापासून जुन्या देवळात गेलो की कीचकांचे हात निरखून पाहतो. अजून एकाही हातावर मला अक्षर दिसलेले नाही.