चुलीमागची भिंत

सोलापुराजवळ कुंभारीच्या माळावर विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेनें १०,००० घरांची वसाहत उभारली. २००६ सालीं तेथील घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या, आणि वसाहतीस गोदूताई परुळेकर यांचें नांव मिळालें. पुढें त्याच भागांत रे नगर वसलें. तेथील पहिलीं १५,००० घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं विडी कामगार, यंत्रमागावरील मजूर, कचरा वेंचणारे इत्यादि कष्टकरी कुटुंबांच्या ताब्यांत आलीं. ज्यांचें सारें आयुष्य भाड्याच्या एका खोलींत गेलें, अशांचें हें पहिलें स्वतःचें घर. तें जपण्याची हौस सर्वांनाच असते. दाराला तोरण लागतें, उंबरठ्याला हळदकुंकू लागतें. तरीहि वर्ष उलटण्यापूर्वींच त्या नव्या घराचा एक तुकडा जुना दिसूं लागतो. तो तुकडा म्हणजे चुलीमागची भिंत.

हा धुराचा परिणाम आहे अशी पुष्कळांची समजूत असते. लांकडाची चूल होती तोंवर ती निम्मी खरीहि होती. परंतु आतां घरोघरीं गॅस आला, धूर गेला, आणि भिंत मात्र पूर्वीइतकीच चिकट होते. तेव्हां खरा अपराधी चुलींत नसून फोडणीच्या पळींत आहे. तापलेल्या तेलांत मोहरी पडते. मागोमाग ओला कढीलिंब व धुतलेली मिरची पडते. त्यांवरील पाण्याचा थेंब तेलाखालीं सांपडून क्षणांत त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारें १,६०० पट जागा लागते. ही जागा ती तेल उडवून मिळविते. फोडणीचा जो चर्र आवाज आपणांस इतका प्रिय आहे, तो या बारीक स्फोटांचाच असतो. मोठे थेंब जवळपास पडतात, डोळ्यांना दिसतात, व पुसलेहि जातात. अतिसूक्ष्म थेंब मात्र उष्ण हवेबरोबर वर चढतात आणि थंड पृष्ठभाग भेटेल तेथें बसतात: भिंतीवर, खिडकीच्या गजांवर, डब्यांच्या झांकणांवर, देवाच्या तसबिरीच्या कांचेवर. ज्वारीची भाकरी या बाबतींत निर्दोष; तिला तेल लागत नाहीं. पण भाकरी थापतांना उडालेलें पीठ त्याच तेलकट भिंतीवर जाऊन बसतें, आणि मग जो लेप तयार होतो तो नुसत्या ओल्या फडक्याला दाद देत नाहीं.

हा लेप इतका घट्ट कां होतो, हें समजण्यास सोलापूर जिल्ह्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. कारण हा करडईचा मुलूख आहे. रब्बीच्या ज्वारीबरोबर येथें करडई पिढ्यान्‌पिढ्या पेरली गेली, आणि 'भीमा' नांवाची तिची प्रसिद्ध जात सोलापूरच्याच संशोधन केंद्रांतून निघाली. तेलांचे दोन स्वभाव असतात. कांहीं तेलें हवेंत उघडीं राहिलीं तरी ओलींच राहतात. कांहीं हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन हळूहळू आळतात व शेवटीं कातड्यासारखा पापुद्रा धरतात. जवसाचें तेल दुसऱ्या जातीचें, म्हणूनच रंगारी तें रंगांत घालतात. करडईहि त्याच वळणाची. चित्रकार पांढऱ्या रंगासाठीं तिचें तेल पसंत करतात, कारण तें वाळतें पण फारसें पिवळें पडत नाहीं. आणि पेशावरकडे हें तेल पुष्कळ वेळ कढवून मेणासारखें घट्ट करीत व त्यानें कापडावर नक्षी काढीत. जें तेल कापडावर नक्षी होऊन टिकतें, तें भिंतीवर टिकलें तर नवल काय? शेंगदाण्याचें तेल या मानानें पुष्कळ सौम्य आहे. सूर्यफूल व सोयाबीन यांचीं तेलें आज बहुतेक घरांत वापरलीं जातात, तीं मधल्या स्वभावाचीं; सावकाश कां होईना, पण आळतात.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. आज उडालेलें तेल हें तेल असतें, आणि तें साबणाच्या कोमट पाण्यानें निघतें. चार महिन्यांपूर्वीं उडालेलें तेल हें तेल राहिलेलेंच नसतें. त्याचा रोगण झालेला असतो. तो खरवडून काढावा लागतो, आणि खरवडतांना त्याबरोबर भिंतीचा रंगहि जातो. दिवाळीच्या साफसफाईची थोरवी कोणी नाकारणार नाहीं, परंतु चुलीमागच्या भिंतीपुरती ती फार उशिरां येते.

सर्व भिंती सारख्या नसतात हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. चुन्याची सफेदी तेल पिते. चुना क्षारधर्मी असल्यामुळें तेलांतील आम्लाशीं त्याचा संयोग होऊन पाण्यांत न विरघळणारा एक प्रकारचा साबण बनतो, आणि डाग कायमचा होतो. त्यावरच पुन्हां चुन्याचा हात दिला तर तो धरत नाहीं. पोपडे होऊन भाजीच्या पातेल्यांत पडतो. आगगाडीच्या याच मार्गावरील शहाबादहून येणारी फरशी टिकाऊ खरी, पण तीहि तेल शोषते, आणि चुनखडीची असल्यामुळें चिंचेच्या कोळानें वा लिंबानें तिला चट्टे पडतात. चकचकीत चिनी मातीच्या फरशा सर्वांत उत्तम. त्यांत सांधे तेवढे घाण धरतात. परंतु ज्याला फरशा परवडत नाहींत, किंवा जो भाड्यानें राहतो व ज्याला भिंतीस खिळाहि मारतां येत नाहीं, त्याच्यासाठीं सर्वांत सोपी वस्तु म्हणजे स्टीलचा वा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. तो भिंतीस चिकटवूं नये. बोटभर जागा सोडून उभा करावा, म्हणजे मागून हवा खेळते, भिंत तापत नाहीं, आणि पत्रा उचलून मोरींत धुतां येतो.

हा प्रश्न केवळ गरिबाच्या खोलीचा आहे असें मात्र नव्हे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं प्रवाशांच्या फिरत्या घरांविषयीं, म्हणजे कॅरव्हॅनविषयीं, धोरण ठरविलें. मोटारींतच बिछाना, मोटारींतच स्वयंपाक. अशा गाडींत शेगडीपासून भिंत वीतभर लांब असते, आणि ती बहुधा पातळ लांकडी फळीची असते. तिला तेल लागलें तर डाग, पाणी लागलें तर फुगवटा, आणि ज्वाला लागली तर काय होईल तें सांगावयास नको. म्हणून असे प्रवासी शेगडीच्या तीन बाजूंनीं घडीचा धातूचा आडोसा उभा करतात, खिडकी उघडून मगच तळण काढतात, आणि भिंत घट्ट पिळलेल्या फडक्यानेंच पुसतात. लाखो रुपयांच्या गाडींत जें करावें लागतें, तेंच कुंभारीच्या घरांतहि करावयाचें आहे. जागा लहान झाली कीं नियम एकच.

पत्र्याऐवजीं पुष्कळ ठिकाणीं वर्तमानपत्राचा कागद किंवा चिकटणारा प्लॅस्टिकचा ताव लावतात. ही काटकसर नव्हे. तेल प्यालेला कागद म्हणजे भिंतीवर चिकटवलेली वातच होय, आणि प्लॅस्टिक आंचेनें वितळतें. त्याहून वाईट चाल म्हणजे जुना थर रॉकेलनें किंवा रंगाऱ्याच्या टर्पेंटाइननें पुसण्याची. थर निघतो यांत शंका नाहीं, परंतु त्याची वाफ शेगडीपाशीं घोटाळत राहते व पुढची काडी ओढणाऱ्याच्या जिवावर बेतते. जुन्या थरास धुण्याचा सोडा पुरेसा आहे. तांब्याभर कढत पाण्यांत चमचाभर सोडा विरघळवावा, त्यांत फडकें भिजवून तें थरावर अर्धा घटका दाबून ठेवावें, मग पुसावें, आणि शेवटीं स्वच्छ पाण्याचा हात फिरवावा. सोड्यानें हातांची कातडी फाटते, म्हणून हातमोजे असलेले बरे. विड्या वळणारीनें तर बोटें जपलींच पाहिजेत, कारण तींच तिची मिळकत. अल्युमिनियमच्या पत्र्यावर सोडा घालूं नये. तो काळा पडतो. रोजच्या पुसण्याला सोडाहि नको. रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर, भिंत कोमट आहे तोंच, साबणाचें ओलें फडकें एकदां फिरविलें कीं झालें.

मुळांत तेल उडूं न देण्याची खबरदारी याहून स्वस्त आहे. भाजी धुतल्यावर निथळूं द्यावी, फोडणी खोल भांड्यांत करावी, तेलांतून धूर निघेपर्यंत तें तापवूं नये, फोडणींत जिन्नस टाकतांच वर झांकण आडवें धरावें. सोलापूरच्या चैत्र-वैशाखांत पंखा बंद ठेवणें ही शिक्षाच आहे, परंतु तळण चालू असतां डोक्यावरचा पंखा फिरत राहिला तर जो थर एका भिंतीवर बसावयाचा तो साऱ्या घरावर बसतो.

आणि हें सर्व केवळ शोभेसाठीं नाहीं. शहराच्या पूर्व भागांत पद्मशाली विणकरांच्या पुष्कळ घरांत माग आणि चूल एकाच छपराखालीं नांदत आलीं. मागावरून उडणारी सुताची बारीक लव चिकट भिंतीवर बसते, आणि पाहतां पाहतां भिंतीला तेलांत भिजलेल्या कापसाचें अस्तर लागतें. विडीच्या घरांत टेंभुर्णीचीं वाळलेलीं पानें व तंबाखू त्याच खोलींत असतात. कढईनें पेट घेतला तर गॅस बंद करून वर सपाट झांकण सरकवावें. पाणी कधींहि ओतूं नये, कारण तेंच पाणी वाफ होऊन पेटलेलें तेल छतापर्यंत उडवितें. भिंत स्वच्छ असेल तर अशी आग बहुधा कढईंतच विझते. भिंतीवर थर असेल तर ज्वाला त्यावरून वर चढते.

नव्या घरांत शेगडी प्रथम पेटण्याआधींच पत्रा उभा करावा हें सर्वांत सोयीचें. तो शेगडीच्या दोन्ही बाजूंस वीतभर अधिक रुंद असावा, आणि त्याची उंची घरांतील सर्वांत मोठ्या कढईच्या कांठापासून निदान दोन हात वर जावी. पत्र्याच्या कडा मुडपून घ्याव्यात. नवीन पत्र्याची धार बोट कापते, आणि पत्रा उचलून धुण्याचें काम बहुधा घरांतील लहान मुलीकडे येतें.