बिग मामाचं नाव आधी

आज अमेरिकेतल्या एका तबकडीची गोष्ट सांगते. तिचं नाव ‘बिग मामा थॉर्नटन विथ द मडी वॉटर्स ब्लूज बँड’.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांमधून आलेलं गाणं. बरेचदा त्यात एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतात. जात्यावर ओवी म्हटलेल्या बाईला हे नवीन वाटायचं नाही. ओळ घोळवता घोळवताच पुढची सुचते.

बिग मामाचा जन्म १९२६ चा, अलाबामा राज्यातला. आवाज दणदणीत. माउथ ऑर्गन आणि ड्रमही ती वाजवायची. मडी वॉटर्स हा शिकागोच्या ब्लूजमधला मोठा माणूस. तोही कापसाच्या मळ्यावरच वाढलेला. एप्रिल १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आरहूली या छोट्या कंपनीसाठी दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रण केलं. मडी गिटारवर, ओटिस स्पॅन पियानोवर, जेम्स कॉटन माउथ ऑर्गनवर. एकेक जण स्वतःच्या नावावर गर्दी खेचणारा, पण इथे सगळे तिच्या साथीला बसले. आणि तबकडीवर नाव आधी कुणाचं? बिग मामाचं!

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तिच्या कामाचं मोल तिला दरवेळी मिळालं नव्हतं. १९५२ मध्ये तिने ‘हाउंड डॉग’ गायलं. पुढच्या वर्षी ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं राहिलं. आपल्याला पाचशे डॉलरचा एकच चेक मिळाला, असं ती सांगायची. १९५६ मध्ये तेच गाणं एल्विस प्रेस्लीने गायलं आणि ते लाखोंनी खपलं. त्यातला वाटा तिला नाही, कारण गाणं लिहिणारे दुसरे होते.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. गाण्याच्या कमाईत दोन हक्क असतात. एक गाणं रचणाऱ्याचा, दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. दुसऱ्याने तेच गाणं नव्याने गायलं, तर रचणाऱ्याला पैसे मिळतात. आधी गाणाऱ्याला नाही.

मग ‘बॉल अँड चेन’ तर तिने स्वतः रचलं होतं ना? हो. पण एका कंपनीने ते ध्वनिमुद्रित करून बाजारात आणलंच नाही आणि हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. पुढे जॅनिस जॉप्लिनने तिची परवानगी घेऊन ते गायलं, १९६८ च्या तबकडीतून ते जगभर गाजलं; तरी रचनेचे पैसे बिग मामाच्या हाती आले नाहीत. माझ्या मते हे पहिल्यापेक्षा वाईट. रचणारी ती, कागद दुसऱ्याकडे.

कुणाच्या मोबाईलवर ही तबकडी मिळाली तर गटाच्या बैठकीनंतर लावा. शब्द कळले नाहीत तरी चालेल. आधी तिची ओळ ऐका, मग ती श्वास घेते तेवढ्यात माउथ ऑर्गन काय उत्तर देतो तिकडे कान द्या.