सहा वाजताचा पक्षी

पहाटे ५.१५. गजराच्या आधीच जाग आली. पूर्वी एवढ्या लवकर मी फक्त शूटच्या दिवशी उठायचे, चेहऱ्यावरची सूज उतरावी म्हणून. आता अंगात कालचाच शेवाळी कुर्ता. इस्त्रीसुद्धा नाही.

६.००. वेताळ टेकडी. जून संपत आलाय, वाट चिकचिकीत. करवंदीच्या जाळीतून दोन सुरांची शीळ आली आणि मी जागीच थबकले. नवरंग! पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो, दिवस उजाडताना आणि मावळताना हाका मारतो. तमिळमध्ये त्याचं नावच ‘आरुमणि कुरुवी’, सहा वाजताचा पक्षी. वीस मिनिटं उभी राहिले तेव्हा कुठे पाचोळा उलथताना दिसला. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, बदामी पोट आणि शेपटीखाली एकदम लालभडक. माझ्या तोंडून काय निघावं? ‘काठ काय उठून दिसतोय!’ सवय कुठली जायला.

फोटो काढला नाही.

८.३०. साडीला वाफ देणं, निऱ्या घालून आधीच पिना लावणं. २०१६ मध्ये सुरुवात केली तेव्हा खिडकीचा उजेड, बहिणीच्या हातातला मोबाइल आणि आजीची इरकल एवढंच भांडवल होतं. एका फोटोखाली मी पानभर लिहायचे: इरकलीच्या पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून कसा जोडतात, वगैरे. लोक वाचायचे, वर वाद घालायचे. २०२० मध्ये रील्स आल्या आणि पानभर मजकुराची जागा एका गिरकीने घेतली. तीही पहिल्या तीन सेकंदांत. गिरकी मी शिकले, अजूनही चांगली घेते. पण इरकलीबद्दल नवं काही वाचून मला किती वर्षं झाली, हे आठवत नाही.

९.४५. दोन रील्स, सतरा गिरक्या. आई दारातून म्हणाली, “पुरे की गं, बघून मलाच चक्कर येतेय.”

१२.३०. कुरिअर. एका ब्रँडची साडी, ७ ऑगस्टच्या राष्ट्रीय हातमाग दिनासाठी. सोबत मजकूर तयार: ‘अस्सल हातमाग’. साडी उलटी करून काठ बोटांखालून सरकवला. हातमागावर कापड ताणून धरायला काठांना टोकदार पट्टी लावतात. तिच्या टोचणीची बारीक भोकं सहसा कडेला राहतात. इथे सहा वारांत एक भोक सापडेना. एवढ्यावरून शपथ घेता येत नाही, म्हणून हँडलूम मार्कचं लेबल आहे का, असं विचारलं. उत्तर आलं, “तुम्ही फक्त नेसा ना, मॅम.”

पाच वर्षांपूर्वी या वाक्यावर मी रात्रभर धुमसले असते. आज वरणभात जेवले आणि साडी परत पाठवायला पुन्हा खोक्यात भरली. राग आला नाही, याचंच जरा वाईट वाटलं.

३.००. तुळशीबागेमागे शिंपीमास्तर.
“ताई, मागचा गळा काय ठेवू?”
“गळा राहू दे. खिसे लावाल? मोठे, दुर्बीण मावेल असे.”
“ब्लाउजला?”
“कुर्त्याला हो, मास्तर!”
त्यांनी माप घेतलं, पण नजरेतली काळजी काही गेली नाही.

४.३०. सकाळच्या रील्सना ओळी लिहिणं, वर ‘जाहिरात’ ही पट्टी लावणं. ती मी २०२१ पासून न चुकता लावते, तेवढ्यापुरती झोप शांत लागते. ओळी लिहायला पूर्वी तास लागायचा. आज सहा मिनिटं. वाचणाऱ्यांना फरक कळला नाही.

६.००. गच्ची. उजेड असा पिवळाधमक की पूर्वी धावत जाऊन पैठणी नेसले असते. चहा घेऊन बसले. टेकडीच्या बाजूने शीळ येते का ऐकत राहिले. वाहनांच्या आवाजात काही कळलं नाही.

श्रावणातल्या तीन रील्सचे पैसे आगाऊ घेतलेत, त्या करून देणार. त्यापुढचं काम घेतलेलं नाही. कपाटात एकशे बारा साड्या आहेत. ओळखीतल्या कुणाला हव्या असतील तर रविवारी घरी यावं, मात्र दहानंतर; त्याआधी मी टेकडीवर असते. आजीची इरकल मागू नये.