कॉलेजातला 'क्लाउड' आणि दुकानातला हिशेब

बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. आय.टी. करणाऱ्या मुलाला अब्बा विचारतात, "बेटा, यंदा काय शिकवतात?" मुलगा सांगतो, "क्लाउड कॉम्प्युटिंग." अब्बा मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. मुलाला वाटते, अब्बांना यातले काय कळणार? अब्बांना वाटते, हे आभाळातले काहीतरी शास्त्र असावे. वास्तविक या विषयाचा गाभा भाडे, मीटर आणि कुलूप हा आहे आणि तो व्यापाऱ्याइतका कुणालाच कळत नाही.

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत चार-सहा माग चालवणारा माणूस स्वतःचे सायझिंग टाकत नाही. सूत सायझिंगवाल्याकडे पाठवतो, बीम तयार होऊन येतात, कामापुरते पैसे देतो. बॉयलर, कामगार, दुरुस्ती ही सारी डोकेदुखी त्याची. क्लाउड म्हणजे नेमके हेच. स्वतः महागडा कॉम्प्युटर विकत न घेता दुसऱ्याच्या मोठ्या कारखान्यातला कॉम्प्युटर इंटरनेटवरून भाड्याने वापरायचा. हा कारखानाही आभाळात नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नईत, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गुगलने २०१७ साली मुंबईत आपली अशी केंद्रे सुरू केली. भिंती, वीज, पंखे, पहारेकरी सारे काही तिथे असते.

कल्पना तशी जुनीच. जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ सालीच म्हटले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. प्रत्यक्ष धंदा उभा राहिला तो २००६ मध्ये, ॲमेझॉनने आधी साठवणुकीची जागा व नंतर चालते कॉम्प्युटर भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा.

विद्यार्थ्यांना यात तीन थर शिकवले जातात आणि परीक्षेत ते हमखास विचारले जातात. 'इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणजे रिकामे शेड भाड्याने घेतले. माग, मेकॅनिक, कारागीर सारे तुमचे. 'प्लॅटफॉर्म' म्हणजे माग बसवलेले चालू शेड. तुम्ही फक्त सूत आणि डिझाइन आणायचे. 'सॉफ्टवेअर' म्हणजे विणून तयार झालेले कापड. जीमेल वापरणारा प्रत्येक जण हे तयार कापडच वापरतो. मुलाने एवढे समजून घेतले तर पाठ्यपुस्तकातली व्याख्या आपोआप पाठ होईल.

अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०११ साली क्लाउडची जी व्याख्या ठरवली, तीत पाच लक्षणे आहेत. त्यातले एक आपल्या शिंपी बांधवांना चांगले ठाऊक आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत दुकानात चार कारागीर जास्त बसतात आणि चाँदरातीनंतर हिशेब करून जातात. क्लाउडमध्ये गर्दी वाढली की दोनाचे दहा कॉम्प्युटर करता येतात, गर्दी ओसरली की पुन्हा दोन. मात्र जादा कारागीर स्वतःहून घरी जातो. कॉम्प्युटरला जा म्हणावे लागते, किंवा त्याने केव्हा जावे हे आधी ठरवून ठेवावे लागते.

इथेच दुसरे लक्षण येते, ते म्हणजे मीटर. माझ्या परिचयाच्या एका सायझिंगमालकाच्या मुलाने प्रोजेक्टसाठी तासाला सुमारे दहा रुपयांचा कॉम्प्युटर घेतला. काम तीन दिवसांत झाले. लॅपटॉप मिटून तो सुटीत गावी गेला. महिन्याने सात हजारांवर बिल आले. अब्बा म्हणाले, "बेटा, तू तर गावी होतास, मग मशीन कुणी चालवले?" प्रश्न अगदी बरोबर होता. लॅपटॉप मिटला तरी भाड्याचा कॉम्प्युटर चालूच होता. महिन्याचे तास ७२०, गुणिले दहा. कॉलेजात हा गुणाकार कुणी करून घेतला नव्हता, याचे मला जास्त आश्चर्य वाटते.

त्यातही बारकावे आहेत. कॉम्प्युटर नुसता थांबवला तर त्याचे भाडे थांबते, पण त्याला जोडलेल्या डिस्कचे चालू राहते; माग बंद असला तरी जागेचे भाडे पडते तसे. ठरावीक रकमेनंतर इशारा देणारा ईमेल लावता येतो व तो पहिल्याच दिवशी लावावा. परंतु तो इशारा फक्त सांगतो, मशीन बंद करत नाही. आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी. या गोदामात माल आत नेताना बहुधा हमाली नसते. बाहेर काढताना ठरावीक मर्यादेनंतर हमाली लागते.

आता कुलपाचे पाहू. इमारतीची, विजेची जबाबदारी गोदामवाल्याची. आपल्या खोलीला कुलूप लावणे व किल्ली सांभाळणे भाडेकरूचे. खोली सर्वांसाठी उघडी ठेवली आणि गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, उधारी बाहेर गेली तर त्याबद्दल कंपनीला बोल लावता येणार नाही. इमारत कंपनीची असली तरी तीही जळू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत खाक झाले. ज्यांच्या वह्या आणि वह्यांची नक्कल त्याच आवारात होती, त्यांचे दोन्ही गेले.

आग लागली नाही तरी दार बंद होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या निर्बंधांनंतर गुजरातेत वाडीनारला रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने रोखल्या. पैसे भरलेले असूनही आपल्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा सुरू झाली खरी, पण एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागली. तुमच्या-आमच्यासारख्याने काय करायचे?

हा प्रश्न दूरचा नाही. जीएसटी आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, अनेक लहान दुकानांचा हिशेब कॉम्प्युटरवर आणि आता मोबाइलवर गेला आहे. त्यातला बराचसा क्लाउडवर असतो, मालकाला माहीत असो वा नसो. कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात. अधिकारी समोर बसला असताना "ॲप उघडत नाही" हे उत्तर चालणार नाही.

मुलांनी सुरुवात कुठून करावी? एनपीटीईएलवर आय.आय.टी. खरगपूरच्या प्राध्यापकांचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम आहे; शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे. सरावासाठी लगेच अब्बांचे कार्ड मागण्याची गरज नाही. दुकानातला जुना पण चालू कॉम्प्युटर घ्यावा, त्यावर लिनक्स आणि व्हर्च्युअलबॉक्स ही मोफत सॉफ्टवेअर टाकावीत आणि एका यंत्रात दुसरे यंत्र चालवून पाहावे. क्लाउड कंपन्याही याच पद्धतीने, फार मोठ्या प्रमाणावर, एका यंत्राचे अनेक भाग करून भाड्याने देतात. हात बसला की मग मोफत मर्यादेत खरा क्लाउड वापरावा.

आणि अब्बांनी मुलाला एक काम सांगावे. दुकानाच्या गेल्या वर्षाच्या हिशेबाची नक्कल कुलूपबंद करून क्लाउडवर ठेव, दुसरी घरातल्या डिस्कवर ठेव. मग आठ दिवसांनी, दुकानाच्या कॉम्प्युटरला हात न लावता, ती नक्कल दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवून मार्च महिन्याची उधारी काढून दाखव. किती वेळ लागला आणि किती पैसे पडले, तेही वहीत लिही.